स्ट्रीक तुटली, बरं झालं

माझी बायबल वाचनाची स्ट्रीक ४१२ दिवसांची होती. त्यातले निदान तीनशे दिवस मी बायबल वाचलेलं नाही.

कुणाला फसवत नव्हतो. ॲपच्या नियमांनुसार सगळं रीतसर चालू होतं. रोज ॲप उघडायचं, आजच्या वचनाचं कार्ड बघायचं (मागे डोंगर, सूर्योदय, नाहीतर वाफाळता कप), खालचं बटण दाबायचं. ज्वाळेच्या चिन्हाशेजारचा आकडा एकाने वाढला की दिवसाचं अध्यात्म उरकलं. कधी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या कॅबमध्ये, कधी सकाळच्या मीटिंगला जॉइन होता होता, कधी दात घासताना. एकदा वेळ मोजला. अकरा सेकंद.

मोजणारं ॲप एकटंच नव्हतं. आमच्या तरुण संघाचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. रात्री दहाला लीडर नावांची यादी टाकायचा. ज्याने वाचलं त्याने आपल्या नावापुढे हिरवी खूण करून यादी परत टाकायची. खूण नसलेल्याला थोड्या वेळाने खासगी मेसेज जायचा, ‘ब्रदर, सगळं ठीक ना?’ त्याने लगेच खूण केली की प्रश्न मिटला. खरंच ठीक आहे का, हे विचारायला फोन कुणी करायचं नाही. मीही कधी केला नाही.

मला भांडायचंय ते आकड्याशी आणि कार्डाशी. रोज वाचण्याबद्दल माझी काही तक्रार नाही, मी आजही वाचतो. पण या दोन वस्तूंनी माझ्या पिढीच्या ख्रिस्ती पोरांना न वाचता वाचल्याचं समाधान दिलंय, आणि आमच्या मंडळ्या त्याला भक्ती म्हणतायत. तुम्ही ख्रिस्ती नसाल तर बायबलच्या जागी हरिपाठ घाला, गीता घाला, कुराण घाला. स्टेटसला रोज एक ओवी ठेवून ज्ञानेश्वरी वाचल्यासारखं वाटणारे लोक तुमच्याही ओळखीचे असतील.

*

पोटापाण्यासाठी मी सॉफ्टवेअर लिहितो. स्ट्रीक कशी बनते हे मला आतून ठाऊक आहे, कारण मी एक बनवली आहे. बायबलच्या ॲपसाठी नव्हे, दुसऱ्याच एका ॲपसाठी. काम अजिबात अवघड नाही. डेटाबेसमध्ये प्रत्येक युजरपुढे दोन रकाने असतात. ॲप शेवटचं कधी उघडलं ती तारीख, आणि सलग दिवसांचा आकडा. काल उघडलं असेल तर आकड्यात एक मिळवा, नसेल तर पुन्हा एकपासून सुरू करा. संध्याकाळपर्यंत उघडलं नाही तर नोटिफिकेशन सोडा. त्यात मजकूर काय असावा यावर आमच्या दोन मीटिंगा झाल्या. ‘आज नवं काहीतरी शिका’ यापेक्षा ‘तुमचे इतके दिवस वाया जातील’ हे जास्त चाललं. मिळवण्याच्या आनंदापेक्षा गमावण्याची भीती माणसाला जास्त पळवते, हे मानसशास्त्रात फार आधी लिहून ठेवलंय. आम्ही त्याला फक्त बटण जोडलं.

त्या दोन रकान्यांच्या शेजारी तिसरा रकाना नव्हता. वाचलेलं समजलं का, त्याने काही हललं का, हे साठवायची सोयच नव्हती. ते मोजता येत नाही, म्हणून ठेवत नाहीत. आणि जे ठेवलेलं नाही ते हळूहळू नसल्यासारखंच होतं, बनवणाऱ्यासाठी आणि वापरणाऱ्यासाठीही.

हे सगळं माहीत असून मी ४१२ दिवस बटण दाबत राहिलो. मिठाईवाल्यालाही मधुमेह होतो.

*

गेल्या वर्षी पप्पा आजारी पडले. ते नगरला एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते, रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती. फुप्फुसांचा त्रास वाढत गेला आणि त्यांना पुण्याला आणावं लागलं. बाराव्या रात्री त्यांनी ऑक्सिजनचा मास्क जरासा बाजूला केला आणि म्हणाले, “वाच काहीतरी.”

त्यांचं बायबल नगरला घरी राहिलं होतं. माझ्याकडे फोन होता. ॲप उघडलं. त्या दिवशीचं कार्ड होतं यिर्मयाच्या २९व्या अध्यायातलं ११वं वचन. देवाच्या मनात तुमच्या भल्याचेच बेत आहेत, पुढे आशा आहे, अशा अर्थाचं. ख्रिस्ती घरात वाढलेल्या कुणालाही ते पाठ असतं. सकाळपासून चार नातेवाइकांनी तेच मला पाठवलं होतं. मी वाचून दाखवलं. पप्पांनी डोळे मिटले, जरा थांबले, आणि म्हणाले, “पुढे?”

पुढे काही नव्हतं. कार्ड संपलं होतं. खाली ‘शेअर करा’ असं बटण होतं.

पूर्ण अध्याय उघडायला दोन टॅप पुरले असते, पण चारशे दिवसांत त्या वाटेने मी कधी गेलोच नव्हतो. गडबडलो, काहीतरी इंग्रजीच उघडलं, नेट अडकलं. तेवढ्यात सिस्टर आल्या आणि त्यांनी मास्क नीट बसवला. दुसऱ्या दिवशी पप्पांना व्हेंटिलेटरवर घेतलं. ‘पुढे?’ हा त्यांनी मला विचारलेला शेवटचा प्रश्न.

त्या रात्री अकरा बावन्नला, हॉस्पिटलच्या जिन्यात बसून, मी बटण दाबलं. आकडा झाला ४०५. पुढचे सात दिवसही दाबलं. विसाव्या दिवशी पहाटे पप्पा गेले, आणि त्या दिवशी दाबायचं राहिलं. दुसऱ्या संध्याकाळी, नगरला दफन करून आल्यावर, फोन वाजला. तुमची स्ट्रीक तुटली, पण निराश होऊ नका, आजच नवी सुरुवात करा. मला त्या वाक्याचा राग आला नाही. तसलंच वाक्य मीही लिहिलंय. लाज वाटली.

*

चार दिवसांनी पप्पांचं बायबल काढलं आणि यिर्मयाचा २९वा अध्याय पहिल्यापासून वाचला. ते एक पत्र आहे. बाबेलच्या राजाने यरुशलेमेतून उचलून नेलेल्या लोकांना लिहिलेलं. त्यांच्यातले काही संदेष्टे सांगत होते, काळजी नको, लवकरच घरी जाऊ. यिर्मया उलट सांगतो. घरं बांधा, बागा लावा, पोरांची लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्याच शहराचं भलं चिंता, कारण सत्तर वर्षं लागणार आहेत. हा सत्तर वर्षांचा आकडा १०व्या वचनात आहे. कार्डावर ११वं असतं.

सत्तर वर्षं म्हणजे पत्र ऐकणारे बहुतेक जण बाबेलातच मरणार. भल्याचे बेत आहेत, पण ते तुला बघायला मिळतीलच असं नाही. किती अवघड गोष्ट आहे ही! आणि किती खरी. ऑक्सिजनवर असलेल्या, आपण घरी जाणार नाही हे कळून चुकलेल्या माणसाशी बोलण्यासारखं त्या अध्यायात पुष्कळ होतं. मी त्यांना तेवढं एक वाक्य वाचून दाखवलं.

त्याच्या अलीकडचा, २८वा अध्यायही वाचा. तिथे हनन्या नावाचा संदेष्टा भर मंदिरात जाहीर करतो की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. लोकांना अर्थात तोच आवडतो. पुस्तक त्याला खोटा ठरवतं. आमच्या कार्डाने यिर्मयाचं वाक्य घेतलं आणि त्याच्याकडून हनन्याचं काम करून घेतलं.

आणि हे एकाच कार्डाचं नाही. पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रातलं, मला सामर्थ्य देणाऱ्यामुळे सगळं जमतं अशा अर्थाचं वचन जिमच्या टी-शर्टवर दिसतं. पौल ते बेड्यांत असताना लिहितो, आणि त्याच्या आधीची वाक्यं उपाशी राहायलाही आपण शिकलो याबद्दल आहेत. याहून मोठा घोळ ईयोबाच्या पुस्तकाचा. सुरुवात लहान असली तरी शेवट फार मोठा होईल, या अर्थाची ओळ मी दुकानांच्या गल्ल्यामागे फ्रेम केलेली पाहिली आहे. ती ईयोबाच्या आठव्या अध्यायात आहे. बोलणारा देव नाही, ईयोबही नाही. बोलणारा आहे बिल्दद, ईयोबाची दहा मुलं मेल्यावर समाचाराला आलेला मित्र. त्या ओळीच्या फक्त तीन वचनं आधी तो ईयोबाला सुचवतो की तुझ्या पोरांनी पाप केलं असेल, त्याचं फळ त्यांना मिळालं. मग शेवटच्या, ४२व्या अध्यायात देव या मित्रांवर संतापतो. माझ्याविषयी ईयोब नीट बोलला, तुम्ही बोलला नाहीत, असं त्यांना सुनावतो. म्हणजे पुस्तकाने ज्याचं बोलणं शेवटी नापास केलं, त्याचंच वाक्य आपण भिंतीवर लावतो. कार्डावर बोलणाऱ्याचं नाव नसतं ना!

ईयोबाचे मित्र वाईट नव्हते. सुंदर, तुटक, कुणालाही लागू पडतील अशी वाक्यं घेऊन ते दुःखी माणसाकडे आले, एवढंच. त्यांच्याकडे फोन असता तर त्यांनी कार्डंच पाठवली असती.

‘पण वचन हे वचनच, एकेकटं वाचलं तर काय बिघडलं?’ असं मला एका पाळकांनी विचारलं. बिघडतं. ‘वचन’ हा तुकडा लिहिणाऱ्यांनी पाडलेला नाही. आज आपण वापरतो ते अध्याय तेराव्या शतकात पडले, आणि नव्या कराराची आजची वचनं रोबेर एत्येन नावाच्या फ्रेंच मुद्रकाने १५५१ साली आपल्या ग्रीक आवृत्तीत पाडली. संदर्भ शोधायला सोपं जावं म्हणून. मैलाचे दगड आहेत ते. आपण रस्ता सोडून दगडांचे फोटो काढत बसलोय.

*

आता आकड्याकडे येतो. प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं, १,१८९ अध्याय. वर्षात संपवायचं तर दिवसाला सव्वातीन अध्याय पडतात. असल्या योजना ॲपने शोधलेल्या नाहीत. त्यातली सगळ्यांत गाजलेली योजना रॉबर्ट मरे मॅकशेन या स्कॉटलंडमधल्या डंडीच्या तरुण पाळकाने १८४२ साली आपल्या मंडळीसाठी आखली. ती आजही ठिकठिकाणी वापरली जाते. पण तिच्यासोबत त्याने मंडळीला लिहिलेला मजकूर मात्र फारसं कुणी दाखवत नाही. त्यात त्याने योजनेचे फायदे सांगण्याआधी धोके सांगितले आहेत. वाचन नुसता उपचार होईल, वाचणाऱ्याला स्वतःच्या धार्मिकपणाचा गर्व चढेल, उरकण्यासाठी भरभर वाचलं जाईल, आणि काहींना ते मानेवरचं न पेलणारं जू वाटेल. मॅकशेन पुढच्याच मार्चमध्ये, १८४३ साली, वयाच्या २९व्या वर्षी वारला. साधारण माझ्याच वयाचा म्हणायचा. योजना बनवणाऱ्या माणसाने जे चार धोके पहिल्याच दिवशी लिहून ठेवले, तेच चार आम्ही फीचर म्हणून विकले. उपचाराला बटण, गर्वाला बॅज, घाईला नोटिफिकेशन आणि जुवाला स्ट्रीक.

माझ्या विरोधातलं सगळ्यांत वजनदार म्हणणं मला माहीत आहे. ‘निदान उघडतात तरी! सवय लागली की आवड लागेल.’ हे मी हलकं धरत नाही. मराठी बायबल आज कुणाच्याही फोनवर फुकट येतं, वाचता न येणाऱ्या बाईला ते ऐकता येतं, हवं ते क्षणात शोधता येतं. हे मोठं काम आहे आणि ते माझ्यासारख्याच इंजिनिअरांनी केलंय. सवयीशिवाय आवड लागत नाही, हेही खरं. पण सवय नेमकी कशाची लागली ते बघायला नको का? मला ४१२ दिवसांत वाचनाची सवय लागली नाही. बटणाची लागली. आणि बटणाची सवय वाचनापर्यंत नेत नाही, वाचनाची जागाच ती भरून टाकते. काहीच न वाचणाऱ्याला आपण वाचत नाही हे निदान माहीत असतं. मला ते माहीत नव्हतं.

वाचताना गाठलेल्या माणसाची एक गोष्ट बायबलात आहे, प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात. इथिओपियाच्या राणीचा खजिनदार यरुशलेमेहून गाझाच्या रस्त्याने परत निघालाय आणि रथात बसून यशया वाचतोय. आपल्यासारखाच, प्रवासात. फिलिप्प धावत त्याच्या रथाजवळ जातो आणि एकच प्रश्न विचारतो, वाचतोयस ते समजतंय का? तो प्रामाणिकपणे सांगतो की कुणी समजावल्याशिवाय कसं समजणार, आणि फिलिप्पाला शेजारी बसवून घेतो. किती दिवस सलग वाचतोयस, हे फिलिप्प विचारत नाही. आमच्या ग्रुपवर वर्षभर रोज यादी फिरली. ‘समजतंय का?’ हा प्रश्न एकदाही आला नाही.

महाराष्ट्रात तर हा प्रश्न विसरण्याचा आपल्याला काही अधिकारच नाही. मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत छापलं गेलं १८०५ साली, नवा करार १८११ साली, दोन्ही बंगालात सेरामपूरला. पण छापलेली मराठी आणि बायाबापड्यांना कळणारी मराठी यांत अंतर होतं. ते मिटवण्यासाठी पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशनचा सगळा पसारा सांभाळत हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं आणि अख्खं बायबल साध्या मराठीत आणायला वर्षानुवर्षं घालवली. छापखान्यात खिळे जुळवायला आश्रमातल्याच बायका होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, आणि त्यांचं बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. संस्कृतात पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळवलेल्या बाईने आयुष्याची शेवटची वर्षं कशासाठी दिली? समजावं म्हणून. आणि तिच्या केडगावाहून तासादोन तासांच्या अंतरावर, पुण्यात, आम्ही इंग्रजी कार्डावर अकरा सेकंद घालवतो.

माझ्या घराचंही तेच. पणजोबांच्या आधी आमच्याकडे कुणाला अक्षर येत नव्हतं, कारण गावाने येऊ दिलं नव्हतं. पणजोबा मिशनच्या शाळेत बसले आणि त्यांच्या हातात पहिलं जाडजूड पुस्तक आलं ते हे. ज्यांना पाटीला हात लावायची मुभा नव्हती त्यांच्या चौथ्या पिढीने पुस्तक हातात असून ते उघडू नये, याला मी नुसता आळस म्हणणार नाही. हा मिळालेला हक्क स्वतःहून परत करणं आहे.

*

पप्पांचाही रोजचा नेम होता. रात्री जेवणं झाली की एक अध्याय, मोठ्याने. रात्रपाळी असली की राहायचा, आणि दुसऱ्या दिवशी जिथे थांबले तिथूनच पुढे सुरू व्हायचा. नेम चुकला की थोडी रुखरुख लागते, पण आधीचं पुसलं जात नाही. त्यांनी बायबल कितीदा पूर्ण केलं हे मला माहीत नाही, बहुधा त्यांनाही नव्हतं. वाचता वाचता ते थांबायचे आणि म्हणायचे, “हे काय मला पटत नाही.” मम्मी म्हणायची, “तुमच्या पटण्यासाठी लिहिलंय का ते?” मग दोघांची जुंपायची, आणि आम्ही पोरं अभ्यास सोडून ऐकत बसायचो. मला बायबल जे काही येतं ते त्या भांडणातून येतं.

त्यांच्या प्रतीत पेन्सिलीच्या खुणा आहेत. शास्ते १९ हा अध्याय एका बाईवर रात्रभर झालेल्या अत्याचाराचा आणि तिच्या खुनाचा आहे. तो कुठल्याही कार्डावर येणार नाही. तिथे समासात पप्पांच्या अक्षरात आहे : ‘हे का ठेवलं असेल?’ खाली उत्तर नाही. ८८व्या स्तोत्राशेजारी नुसती उभी रेघ आहे. ते स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी उजेड वगैरे येत नाही. ती रेघ त्यांनी कधी ओढली, कुठल्या दिवसांत, ते मला आता विचारता येणार नाही. विचारायला पाहिजे होतं, आणि त्यासाठी आधी त्या पानापर्यंत पोचायला पाहिजे होतं.

तर माझं मागणं. मंडळीतल्या लीडर लोकांनो, रात्रीची यादी बंद करा. त्याऐवजी आठवड्यातून एकदा चारपाच पोरांना एकत्र बसवा, अख्खा अध्याय मराठीत मोठ्याने वाचा, आणि ज्याला जे पटलं नाही ते त्याला बोलू द्या. सांत्वनाला कार्ड पाठवणाऱ्यांनो, पाठवण्याआधी आधीची दहा आणि नंतरची दहा वचनं वाचा. वाचून झाल्यावर बहुतेकदा तुम्ही कार्ड पाठवणार नाही, फोन कराल. माझ्या व्यवसायातल्या मित्रांनो, आकडा बंद करायचं बटण निदान सेटिंगमध्ये द्या. आणि वाचणाऱ्यांनो, स्ट्रीक असेल तर एक दिवस मुद्दाम तोडा. दुसऱ्या दिवशी पुस्तक जागेवरच असतं.

मी सध्या ईयोबात आहे. पप्पांचीच प्रत. कधी दोन अध्याय होतात, कधी एका भाषणावर आठवडा जातो, गेल्या आठवड्यात रिलीजमुळे चार दिवस काहीच झालं नाही. रविवारी नगरला गेलो की रात्री मम्मीला वाचून दाखवतो. बिल्ददाचं भाषण वाचून थांबलो तेव्हा ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “हं, पुढे?”

पुढे ईयोबाचं उत्तर होतं. पान उलटलं आणि वाचलं.